लायसन्स सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला. शुक्रवारी चालला, सोमवारी बंद

तंत्रसहायक | सोमवार, दुपारी १:२०

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक आणि नेटवर्कची देखभाल पाहतो. आमच्या आरेखन प्रयोगशाळेत ६० संगणक आहेत आणि त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरची ४० फ्लोटिंग लायसन्स आहेत. सॉफ्टवेअर साठही संगणकांवर बसवलेले आहे, परंतु एका वेळी ते चाळीस जणांनाच उघडता येते आणि ही मोजणी फ्लेक्सनेट पद्धतीचा लायसन्स सर्व्हर करतो. हा सर्व्हर गेली कित्येक वर्षे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील एका जुन्या डेस्कटॉपवर होता. मागील आठवड्यात त्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) जळाला आणि तेव्हा मला प्रथमच कळले की एवढी मोठी प्रयोगशाळा त्या एका डब्यावर उभी होती.

मी हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या आभासीकरण प्रणालीवर विंडोज सर्व्हरचे एक नवे आभासी यंत्र तयार केले, त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) विक्रेत्याला कळवून लायसन्स फाइल नव्याने काढून घेतली, एलएमटूल्स या फ्लेक्सनेटच्या साधनातून सेवा उभी केली आणि लॉगमध्ये दिसलेली दोन्ही पोर्ट, म्हणजे २७००० आणि ५०२१४, नेटवर्क पाहणाऱ्या सहकाऱ्याकडून फायरवॉलवर उघडून घेतली. शुक्रवारी साठही संगणकांवर चाचणी घेतली आणि सर्व व्यवस्थित चालले. रविवारी रात्री विंडोज अद्ययावत होऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला. आज सकाळी साडेनऊच्या प्रात्यक्षिकाला प्रयोगशाळेत एकाही संगणकावर सॉफ्टवेअर उघडले नाही. बहुतेकांवर उणे १५, तर काहींवर उणे ९६ हा त्रुटी क्रमांक येतो. सर्व्हरवर स्वतः पाहिले असता सेवा सुरू आहे आणि सर्व्हरच्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच भागात) असलेल्या दोन संगणकांवर सॉफ्टवेअर उघडतेही. लायसन्स फाइलला मी हातही लावलेला नाही. कृपया मार्ग सुचवावा. परवा दुसऱ्या वर्षाची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा आहे.

चाकण_रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:५५

आपण दिलेल्या माहितीवरून कारण जवळपास स्पष्ट आहे, परंतु आधी एक खात्री करून घ्या. प्रयोगशाळेतील बंद पडलेल्या एखाद्या संगणकावरून एलएमस्टॅट हा लायसन्सची स्थिती दाखवणारा आदेश चालवा आणि त्याला २७००० हे पोर्ट व सर्व्हरचा पत्ता द्या. त्यात सर्व्हर सुरू असल्याचे दिसले, पण खाली व्हेंडर डीमनच्या ओळीत जोडणी होत नसल्याचे दिसले, तर माझा अंदाज बरोबर आहे.

फ्लेक्सनेटमध्ये दोन प्रोग्राम असतात आणि क्लायंटला दोघांशीही बोलावे लागते. पहिला एलएमजीआरडी. तो ठरलेल्या पोर्टवर बसतो. फाइलमध्ये पोर्ट दिले नसेल तर २७००० ते २७००९ यांपैकी मोकळे असेल ते घेतो. हा स्वतः लायसन्स देत नाही. सरकारी कार्यालयातील चौकशीच्या खिडकीसारखे त्याचे काम असते: तुमचे काम कोणत्या टेबलावर आहे एवढेच तो सांगतो. ते टेबल म्हणजे व्हेंडर डीमन, जो प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीचा वेगळा असतो. ऑटोडेस्कचा ॲडस्कफ्लेक्स, ॲन्सिसचा ॲन्सिसएलएमडी, मॅटलॅबचा एमएलएम. खरी देवाणघेवाण या डीमनशी होते आणि त्याचे पोर्ट फाइलमध्ये बांधून दिलेले नसेल, तर तो प्रत्येक वेळी सुरू होताना कार्यप्रणालीकडून मिळेल ते पोर्ट घेतो. विंडोजवर अशी पोर्ट ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातून दिली जातात. आपले शुक्रवारचे ५०२१४ हे त्या दिवसापुरते होते. रविवारी सर्व्हर पुन्हा सुरू झाला, टेबल बदलले, आणि फायरवॉलचे दार मात्र जुन्याच टेबलासमोर उघडे राहिले. सर्व्हरच्या सबनेटमधील संगणकांना मधल्या फायरवॉलमधून जावे लागत नसावे, म्हणून त्यांचे चालते.

उपाय सोपा आहे. लायसन्स फाइलमध्ये व्हेंडर या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटी पोर्ट बरोबर २७०१० असे लिहा. २७०१० हाच आकडा हवा असे नाही. दुसरे काही वापरत नसलेला आणि वर सांगितलेल्या बदलत्या पट्ट्याच्या बाहेरचा कोणताही आकडा चालेल. सर्व्हर ओळीच्या शेवटी २७००० हेही स्पष्टपणे लिहा. विक्रेत्याची फाइल बदलल्याने ती अवैध होईल ही भीती बाळगू नका. सर्व्हर ओळीतील यंत्राचे नाव आणि पोर्ट, तसेच व्हेंडर ओळीतील मार्ग आणि पोर्ट हे प्रशासकाने बदलण्यासाठीच असतात. स्वाक्षरी इन्क्रिमेंट किंवा फीचरच्या (सॉफ्टवेअरमधील एकेका सुविधेच्या) ओळींवर असते आणि ती होस्ट आयडीशी, म्हणजे यंत्राच्या ओळखीशी (इथे मॅक पत्त्याशी), बांधलेली असते. त्या ओळींतील एक अक्षरही हलवू नका.

हा बदल एलएमरीरीडने (फाइल पुन्हा वाचायला लावणाऱ्या आदेशाने) लागू होत नाही. सेवा पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावी लागेल.

पाऊलवाट | सोमवार, दुपारी २:१०

चाकण_रात्रपाळी यांच्या निदानाशी सहमत आहे. फक्त ज्या संगणकांवर उणे ९६ येतो त्यांचे कारण वेगळे असण्याची शक्यता आहे, त्यामुळे पोर्ट बांधून झाल्यावरही ते राहिले तर गोंधळून जाऊ नका. क्लायंटवर आपण सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिलेला असला, तरी एलएमजीआरडी त्याला व्हेंडर डीमनकडे पाठवताना लायसन्स फाइलच्या सर्व्हर ओळीतील नाव सांगतो. ते नाव क्लायंटला डीएनएसमधून (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेतून) ओळखता आले नाही, की आयपी बरोबर असूनही गाडी तिथेच अडते. त्या संगणकांवर ते नाव पिंग करून पाहा.

तंत्रसहायक | सोमवार, रात्री ८:३५

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही निदाने बरोबर निघाली.

एलएमस्टॅटमध्ये अगदी सांगितल्याप्रमाणे वरची ओळ सुरू आणि खालची बंद दिसत होती. व्हेंडर ओळीत २७०१० बांधून, सेवा थांबवून पुन्हा सुरू केली, फायरवॉलवर ते पोर्ट उघडून घेतले आणि ४८ संगणक सुरू झाले. उरलेल्या बारा संगणकांवर उणे ९६ कायम होता. तपासले असता त्या बाराही संगणकांवर कोणीतरी इंटरनेट वेगाने चालावे म्हणून बाहेरचा सार्वजनिक डीएनएस हाताने भरून ठेवलेला आढळला. बाहेरच्या डीएनएसला आमच्या सर्व्हरचे नाव कसे माहीत असणार? मग शुक्रवारी हे बारा संगणक चालले कसे, हा प्रश्न मला पडला, तर विद्यार्थ्यांनी सांगितले की हा बदल शनिवारच्या जादा तासाला झाला. म्हणजे एकाच सकाळी दोन स्वतंत्र बिघाड एकावर एक आले होते आणि मी त्यांना एकच समजून शोधत होतो.

आता सर्व्हर ओळीत पूर्ण डोमेनसह नाव लिहिले आहे आणि डीएनएस मध्यवर्ती व्यवस्थेतून परत बसवला आहे.

वैनगंगा | सोमवार, रात्री ९:१५

तंत्रसहायक, आणखी एक गोष्ट आज रात्रीच करून टाका. हायपर-व्हीमध्ये त्या आभासी यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या प्रगत मांडणीत जाऊन मॅक पत्ता 'डायनॅमिक' आहे की 'स्टॅटिक' ते पाहा. डायनॅमिक असेल तर यंत्र बंद करून, आत्ता जो पत्ता आहे तोच स्टॅटिक म्हणून लिहून टाका.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आमच्या कार्यालयात लायसन्स सर्व्हरचे आभासी यंत्र एका भौतिक यजमानावरून दुसऱ्यावर हलवले. कोणालाही काही सांगण्याची गरज वाटली नाही, कारण यंत्र हलवणे हे तिथे नेहमीचे काम होते. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून सुरू केले तेव्हा त्याने नव्या यजमानाच्या संचातून नवा मॅक पत्ता घेतला, आणि व्हेंडर डीमनने लॉगमध्ये होस्ट आयडी जुळत नसल्याची एकच ओळ लिहून काम थांबवले. जुना पत्ता कुठेही लिहिलेला नव्हता. परंतु तो लायसन्स फाइलच्या सर्व्हर ओळीत असतोच, हे लक्षात यायला आम्हाला तीन तास लागले. तोच पत्ता हाताने परत दिल्यावर पाच मिनिटांत काम सुरू झाले.

व्हीएमवेअर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की यंत्राची प्रत दुसरीकडे सुरू करताना ते 'हलवले' की 'नक्कल केले' असा प्रश्न येतो, आणि 'नक्कल केले' असे उत्तर दिले की नवा मॅक पत्ता मिळतो. अर्थात एकाच फाइलवर दोन ठिकाणी सर्व्हर चालवण्यासाठी मॅक पत्त्याची नक्कल करणे हा करारभंग आहे. मी सांगते आहे ते एकाच यंत्राची ओळख टिकवण्याबद्दल.

चिपआराखडा | सोमवार, रात्री ११:४०

धागा उपयुक्त दिशेने चालला आहे म्हणून लिनक्सच्या बाजूचे थोडे सविस्तर लिहितो. मी चिप आराखड्याच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे केडन्सचा सीडीएसएलएमडी आणि सिनॉप्सिसचा एसएनपीएसएलएमडी अशा डीमनांवरच सगळा दिवस चालतो आणि एक लायसन्स तासभर अडले तरी रात्रीची सगळी सिम्युलेशन रांगेत उभी राहतात.

लिनक्सवर नवखा माणूस पहिल्यांदा जिथे अडतो ती जागा अशी: फाइल समोर दिसते, चालवण्याची परवानगी आहे, आणि चालवली की 'अशी फाइल किंवा निर्देशिका नाही' असे उत्तर येते. माणूस मार्ग पुन्हा पुन्हा तपासत बसतो. मार्गात काहीही चूक नसते. अनेक जुने एलएमजीआरडी एलएसबी या मानकाच्या लोडरवर बांधलेले असतात आणि तो लोडर आजच्या वितरणांत आपोआप येत नाही. जी फाइल नाही असे म्हटले जाते ती एलएमजीआरडी नसून हा लोडर असतो. एलएसबीचे पॅकेज बसवले की प्रश्न मिटतो. दुसरी जागा म्हणजे यूएसआर खालची टेम्प निर्देशिका. काही डीमन आपली कुलूप-फाइल तिथे ठेवू पाहतात, उबुंटू आणि डेबियनवर ती निर्देशिका नसते, आणि डीमन उभा राहताच पडतो. तिसरी, जुन्या एलएमहोस्टआयडीला (होस्ट आयडी दाखवणाऱ्या आदेशाला) नेटवर्क कार्डाचे नाव ईटीएच-शून्य असेच अपेक्षित असते. नव्या वितरणांत कार्डाचे नाव ईएनपी किंवा ईएनएसने सुरू होते आणि होस्ट आयडी रिकामा येतो. अशा वेळी विक्रेत्याकडून नवी आवृत्ती मागा. ते जमत नसेल तर कार्डाला जुने नाव द्यावे लागते.

आवृत्त्यांबद्दल एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. एलएमजीआरडी नेहमी व्हेंडर डीमनएवढा किंवा त्याहून नवा असावा, आणि व्हेंडर डीमन हा क्लायंट सॉफ्टवेअरमधील फ्लेक्सनेटएवढा किंवा त्याहून नवा असावा. एकाच यंत्रावर तीन कंपन्यांचे डीमन असतील तर तिघांत सर्वांत नव्या आवृत्तीचा एलएमजीआरडी घ्या. माझी स्वतःची पद्धत मात्र प्रत्येक कंपनीसाठी वेगळा एलएमजीआरडी आणि वेगळे पोर्ट ठेवण्याची आहे. एक एलएमजीआरडी अनेक डीमन सांभाळू शकतो हे खरे, पण एका कंपनीच्या फाइलचे नूतनीकरण करताना दुसरीचे काम थांबवावे लागू नये, हे मला अधिक मोलाचे वाटते.

सेवा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्याच्या नावाने कधीही चालवू नका. स्वतंत्र, अधिकार नसलेला वापरकर्ता तयार करा आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) सेवेचे युनिट लिहा. एलएमजीआरडीला 'झेड' हा पर्याय दिला की तो पार्श्वभूमीत न जाता समोर राहतो आणि सिस्टमडीला त्याच्यावर लक्ष ठेवणे सोपे जाते. युनिटमध्ये 'नेटवर्क ऑनलाइन' झाल्यावरच सुरू हो असे सांगा, नाहीतर यंत्र चालू होताना कार्ड तयार नसते आणि होस्ट आयडी सापडत नाही. लॉगचा मार्ग देताना त्याच्या आधी अधिक चिन्ह लावा. हे चिन्ह नसेल तर सेवा पुन्हा सुरू होताच आधीचा लॉग पुसला जातो. बिघाड झाला की बहुतेक जण प्रथम सेवा पुन्हा सुरू करतात, आणि ज्या लॉगमध्ये कारण लिहिलेले होते तोच लॉग त्या क्षणी नाहीसा होतो. माझ्या मते प्रशासकाचे सर्वांत मोठे नुकसान याच एका चिन्हाअभावी होते.

लॉगची सवय लावून घ्या, एवढाच माझा आग्रह आहे. त्यात 'आउट' म्हणजे लायसन्स दिले, 'इन' म्हणजे परत आले, आणि 'डिनाइड' म्हणजे नाकारले. प्रत्येक ओळीत वेळ, फीचरचे नाव, वापरकर्ता आणि यंत्र असते. नाकारलेल्या ओळीच्या कंसात कारणही असते: उणे ४ म्हणजे सगळी लायसन्स संपली आहेत, उणे ५ म्हणजे हे फीचर फाइलमध्येच नाही, उणे १० म्हणजे मुदत संपली. वापरकर्ता फोनवर या तिन्हींचे वर्णन 'लायसन्स मिळत नाही' असे एकच करतो.

तंत्रसहायक | मंगळवार, दुपारी ३:०५

वैनगंगा, आपली सूचना अगदी वेळेवर आली. मॅक पत्ता डायनॅमिकच होता. रात्रीच स्टॅटिक केला. चिपआराखडा यांची आवृत्त्यांची ओळ मी छापून लावली आहे.

आता नवा प्रश्न. आज सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, प्रयोगशाळेतील संगणक नव्हते. वीज आल्यावर विद्यार्थ्यांनी पुन्हा सुरुवात केली, तर पंधरा-सोळा जणांनाच सॉफ्टवेअर उघडता आले आणि बाकीच्यांना उणे ४. एलएमस्टॅटमध्ये चाळीसही लायसन्स वापरात दिसत होती, आणि त्यांतील चोवीस संगणक तर माझ्या डोळ्यांसमोर बंद होते. ऑप्शन्स फाइलमध्ये, म्हणजे लायसन्स वाटपाचे नियम असलेल्या फाइलमध्ये, टाइमआउट लावून हे टाळता येईल का? आणि परीक्षेसाठी तीस लायसन्स पहिल्या दालनाकरिता राखून ठेवायची आहेत, त्यासाठी रिझर्व्ह योग्य की आणखी काही?

चाकण_रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ४:३०

टाइमआउटने हे टळणार नाही, आणि ही गल्लत फार जणांची होते म्हणून नीट सांगतो.

टाइमआउट हा जिवंत पण निष्क्रिय वापरकर्त्यासाठी आहे. विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडे ठेवून चहाला गेला, तर ठरावीक वेळाने त्याचे लायसन्स परत घेता येते. बहुतेक कंपन्या ही वेळ ९०० सेकंदांच्या, म्हणजे पंधरा मिनिटांच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि मुळात त्या सॉफ्टवेअरने स्वतःची निष्क्रियता सर्व्हरला कळवण्याची सोय ठेवलेली असावी लागते. आपल्याकडे झाले ते वेगळे. संगणक अचानक बंद पडला, त्याने निरोप घेतला नाही, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती टीसीपी जोडणी अजून जिवंत आहे. समोरचा आहे की गेला, हे कार्यप्रणाली किपअलाइव्हने तपासते आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर त्याची मूळ वेळ दोन तासांची असते. तेवढा वेळ ती लायसन्स भुतासारखी अडकून राहतात.

तातडीचा उपाय एलएमरिमूव्ह, म्हणजे अडकलेले लायसन्स सोडवणारा आदेश. फीचर, वापरकर्ता, यंत्र आणि डिस्प्ले ही चार नावे एलएमस्टॅटमध्ये दिसतात तशीच्या तशी द्यायची. ज्याचे सॉफ्टवेअर खरोखर चालू आहे त्याचे लायसन्स असे काढले, तर ते सॉफ्टवेअर पुढच्या ठोक्याला (सर्व्हरशी ठरावीक वेळाने होणाऱ्या संपर्काला) लायसन्स पुन्हा घेते, त्यामुळे चुकून कोणाचे काम बुडण्याची भीती कमी आहे. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरवरील किपअलाइव्हची वेळ दहा-पंधरा मिनिटांवर आणणे, जे आपल्या यंत्रावर केवळ हीच सेवा असेल तर निर्धास्तपणे करता येईल.

राखीव जागांबद्दल माझे मत रिझर्व्हच्या विरुद्ध आहे. रिझर्व्ह केलेले लायसन्स कोणी वापरत नसले तरी वापरातच मोजले जाते, आणि परीक्षा संपल्यावर ती ओळ काढायला विसरलो तर आठवडाभर तीस लायसन्स रिकाम्या दालनाच्या नावावर पडून राहतात. त्याऐवजी दुसऱ्या दालनातील संगणकांचा होस्ट-ग्रुप करून त्याला मॅक्सने दहाची मर्यादा घाला. उरलेली तीस आपोआप पहिल्या दालनाकडे राहतात. तिसऱ्या कोणत्या खोलीतही हे सॉफ्टवेअर असेल तर तिचे संगणकही याच गटात घ्या. ऑप्शन्स फाइलमधील बदलांना एलएमरीरीड पुरते; लॉगमध्ये फाइल वाचल्याची नोंद आली आणि एकाही ओळीविषयी तक्रार नाही, हे मात्र पाहूनच उठा.

इन्क्लूड वापरण्याचा मोह झाला तर सावध राहा. एखाद्या फीचरला एक जरी इन्क्लूड ओळ लावली, तरी त्या ओळीत नसलेल्या प्रत्येकाला ते फीचर बंद होते. शिवाय ग्रुपमधील वापरकर्त्यांची नावे लहान-मोठ्या अक्षरांसह जुळावी लागतात. तसे नको असेल तर त्यासाठीचा वेगळा पर्याय फाइलमध्ये आधी चालू करावा लागतो.

पाऊलवाट | मंगळवार, सायंकाळी ५:१०

महाविद्यालय आहे म्हणून सुरक्षेचा मुद्दा जोडतो. मूळ मांडणीत एलएमडाउन हा सर्व्हर बंद करणारा आदेश नेटवर्कवरील कोणत्याही संगणकावरून देता येतो. आमच्या संस्थेत एका जिज्ञासू विद्यार्थ्याने क्लायंटसोबत आलेली एलएमयूटिल (हे सगळे आदेश देणारी फाइल) उघडली, मदतीचे पान वाचले आणि भर तासाला सगळ्या वर्गाचा सर्व्हर बंद केला. त्याचा हेतू वाईट नव्हता आणि आम्ही त्याला शिक्षाही केली नाही, कारण दार आम्हीच उघडे ठेवले होते. एलएमजीआरडी सुरू करताना 'लोकल' हा पर्याय दिला की एलएमडाउन फक्त सर्व्हरवरूनच चालतो.

दुसरे असे की ही सेवा महाविद्यालयाबाहेर कधीही उघडी ठेवू नका. २०१८ या वर्षाच्या यादीत नोंदलेल्या एका त्रुटीमुळे फ्लेक्सनेटच्या ११.१६.१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतील एलएमजीआरडी व व्हेंडर डीमन यांच्यावर दुरून घातक संदेश पाठवून ताबा मिळवणे शक्य होते. 'चालतेय ना, मग हात लावू नका' ही लायसन्स सर्व्हरबद्दलची सर्वमान्य वृत्ती मला म्हणूनच पटत नाही.

वैनगंगा | मंगळवार, सायंकाळी ६:००

फायरवॉलची यादी करतच आहात तर इतर पद्धतींची पोर्टही तपासून घ्या, कारण विभागात सगळेच फ्लेक्सनेटवर नसते. सेंटिनेलच्या डोंगलचे (यूएसबीला लावायच्या लायसन्स-किल्लीचे) व्यवस्थापन १९४७ वर चालते. हा आकडा आपल्याला पाठ करावा लागत नाही. आरएलएम ५०५३ वर, कोडमीटर २२३५० वर, आणि विंडोजच्या सामूहिक सक्रियतेचा केएमएस १६८८ वर. केएमएसबाबत नव्या प्रयोगशाळांची एक फसगत होते: किमान २५ विंडोज संगणकांनी विचारणा केल्याशिवाय तो त्यांतील एकालाही सक्रिय करत नाही, सर्व्हर आवृत्त्यांसाठी हा आकडा ५ आहे. दहा संगणक बसवून तो बिघडला आहे असे समजू नये.

तंत्रसहायक | मंगळवार, रात्री ९:२०

मॅक्सची मर्यादा लावली, किपअलाइव्ह पंधरा मिनिटांवर आणले, लोकल पर्यायही दिला. प्राचार्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून तीन सर्व्हरची जोडणी करावी का, आणि विद्यार्थ्यांना घरून व्हीपीएनने ही लायसन्स वापरता येतील का?

चिपआराखडा | मंगळवार, रात्री १०:४५

तीन सर्व्हरची जोडणी ऐकायला भक्कम वाटते, परंतु तिचा अर्थ नीट समजून घ्या. तिघांपैकी किमान दोन चालू आणि एकमेकांशी बोलत असतील तरच लायसन्स मिळते. दोन पडले की तिसरा धडधाकट असूनही काही देत नाही. भारही वाटला जात नाही, कारण एकच मुख्य सर्व्हर सगळे देतो. तिन्ही यंत्रांचे होस्ट आयडी फाइलमध्ये बांधलेले असतात, म्हणजे बदलण्याच्या, जपण्याच्या आणि बिघडण्याच्या वस्तू तिप्पट झाल्या. साठ संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी मी हे सुचवणार नाही. स्टॅटिक मॅक असलेले एक आभासी यंत्र, त्याची रोजची प्रत आणि ती प्रत दुसऱ्या यजमानावर सुरू करून पाहण्याची सहामाही तालीम एवढे पुरेसे आहे. खात्रीच हवी असेल तर विक्रेत्याला वीस-वीसच्या दोन स्वतंत्र फाइली देता येतील का ते विचारा. क्लायंटवर दोन्ही पत्ते लिहिता येतात; विंडोजवर मध्ये अर्धविराम, लिनक्सवर अपूर्णविराम. एक पडला तरी निम्मा वर्ग चालू राहतो.

राइनकाठ | बुधवार, पहाटे १:३०

घरून वापरण्याविषयी जर्मनीतून लिहितो. तांत्रिकदृष्ट्या व्हीपीएनवरून चालते. पण आधी कराराचा कागद वाचा. आमच्या इथल्या एका चमूने इथल्या सर्व्हरवरील लायसन्स पुण्यातील सहकाऱ्यांना व्हीपीएनवरून वापरू दिली होती, आणि वार्षिक तपासणीत लक्षात आले की तो करार केवळ एका देशापुरता होता. पुढचे सहा महिने पत्रव्यवहारात गेले. शैक्षणिक करारांत वापर संस्थेच्या आवारापुरता आहे की नोंदणीकृत विद्यार्थी कुठूनही वापरू शकतो, हे वाक्य शोधा आणि विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या. लॅपटॉपवर ठरावीक दिवसांसाठी लायसन्स उसने देण्याची सोय असेल तर तीही जपून वापरा: लॅपटॉप मध्येच बिघडला, तर उसन्याची मुदत संपेपर्यंत ते लायसन्स सर्व्हरकडे परत येत नाही.

तंत्रसहायक | बुधवार, रात्री ८:५०

परीक्षा सुरळीत पार पडली. पहिल्या दालनात तीसही विद्यार्थ्यांना पहिल्या प्रयत्नात सॉफ्टवेअर उघडले. दुपारी एकदा वीज गेली. वीस मिनिटांनी आली तोपर्यंत अडकलेली सगळी लायसन्स आपोआप सुटली होती आणि मला एलएमरिमूव्हची गरज पडली नाही.

सायंकाळी निवांतपणे पूर्ण लॉग वाचला. 'डिनाइड'च्या १४ ओळी होत्या आणि चाळीस लायसन्स अपुरी पडत आहेत असे मला प्रथम वाटले. पण त्यांतील अकरा ओळी दुसऱ्या दालनातील एकाच यंत्राच्या, एकाच मिनिटातील निघाल्या. तो विद्यार्थी अकरावा होता आणि उघडत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. नाकारलेल्या ओळी न मोजता नाकारलेली माणसे मोजली तर ती चारच भरली. त्यामुळे जादा लायसन्स मागण्याचा प्रस्ताव मी या सत्रापुरता बाजूला ठेवला आहे.

सर्व्हर खोलीतील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावला आहे. त्यावर सर्व्हरचे पूर्ण नाव, मॅक पत्ता, दोन्ही पोर्ट, लायसन्स, ऑप्शन्स आणि लॉग या तिन्ही फाइलींचे मार्ग, आणि इन्क्रिमेंट ओळींमध्ये सापडलेल्या मुदतीच्या तारखा लिहिल्या आहेत. या तारखा सर्व फीचरना सारख्या नाहीत हेही लिहितानाच कळले: दोन फीचरची मुदत इतरांच्या तीन महिने आधी संपते आहे. कराराबाबत विक्रेत्याला पत्र पाठवले आहे. उत्तर आले की इथे कळवतो. शुक्रवारी उघडून घेतलेले ५०२१४ हे पोर्ट फायरवॉलवर अजून तसेच उघडे होते, ते बंद करून घेतले.